हंगेरीची कोरीव टपाल तिकिटं: चित्रकाराचं नाव सापडतं, कोरणारा कुठे असतो?

केतकी_वाई
नमस्कार मंडळी. तिकीटसंग्रहावर इथे बरेच धागे झालेत, पण बहुतेकांत चर्चा शेवटी किमतीवर जाते. मला तिकीट घडवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय.

मामाच्या संग्रहात 'मॅग्यार पोस्ता'ची, म्हणजे हंगेरीची, भरपूर तिकिटं आहेत. एका हंगेरियन पत्रमित्राशी त्याची वर्षानुवर्षं देवाणघेवाण चालायची. बरीचशी मोठी, रंगीत: फुलपाखरं, खेळाडू, संग्रहालयातली चित्रं, काही त्रिकोणी. पुष्कळ तिकिटांच्या खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव असतं. लेग्राडी, वेर्टेल, कॉश ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. पण त्याच वहीत काही लहान, एकरंगी तिकिटं आहेत. ती भिंगाखाली धरली की चेहरा नाहीसा होतो आणि नुसत्या रेषा उरतात. गालावर तुटक रेघा, कपाळ जवळजवळ कोरं, कोटावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी. भिंग बाजूला केलं की पुन्हा जिवंत माणूस. त्या रंगीत गठ्ठ्यापेक्षा मला ही कितीतरी सरस वाटतात.

माझं मत स्पष्ट सांगते. या रेषा काढणारा माणूस चित्रकाराच्या तोडीचा कलावंत आहे आणि त्याचं नाव तिकिटावर नसणं हा अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि मुळात कोरून छापलेलं तिकीट खात्रीने ओळखायचं कसं?

अण्णा_गिरगाव
वा, विषय काढलात. आम्ही शाळेत असताना फोर्टात जीपीओच्या आसपासच्या तिकीटवाल्यांकडून मिश्र पाकिटं घ्यायचो. त्यात हंगेरीचा भरणा ठरलेला. नकाशात 'मॅग्यार' नावाचा देश शोधून थकलो होतो! सविस्तर लिहितो रात्री.

रानजाई
ताई, तुमच्या मताशी मी असहमत. एकरंगी कोरीव तिकीट म्हणजे थोर आणि रंगीत म्हणजे बाजारू, ही जुन्या संग्राहकांची लाडकी समजूत आहे. हंगेरीने फोटोग्राव्हूरमध्ये, म्हणजे छायाचित्रावरून बारीक जाळीच्या पत्र्यावर उतरवून, जी फुलं, पक्षी आणि चित्रं छापली ती पाहून माझ्यासारख्या कितीतरी पोरांना रंग म्हणजे काय ते कळलं. आमच्या गावात ना कलादालन होतं ना रंगीत पुस्तकं. जगातली चित्रं मी पहिल्यांदा तिकिटावर पाहिली.

छापखान्यातला
रानजाईंचा मुद्दा पटतो, पण आधी तांत्रिक बाजू नीट मांडतो. त्याशिवाय कोरणाऱ्याचं काम ध्यानात येणार नाही.

पोलादाचा लहान तुकडा घेतात. तो आधी मऊ केलेला आणि लख्ख घासलेला असतो. त्यावर चित्र कोरायचं, तेही तिकिटाच्याच मापात आणि उलटं. डावं ते उजवं, अक्षरंसुद्धा उलटी. हत्यार म्हणजे ब्युरिन, अणकुचीदार तोंडाची पोलादी कोरणी. तिची गोल मूठ तळहातात बसते. डोळ्याला भिंग. पोलादाखाली वाळू भरलेली चामड्याची गादी असते, कारण वळणदार रेषा काढताना कोरणीचा हात जवळजवळ स्थिर ठेवून पोलादच फिरवतात. रेषेतून धातूचा बारीक तार निघत जातो आणि कडेला कंगोरा उभा राहतो, तो तासून काढावा लागतो. मधूनमधून शाई भरून कागदावर ठसा घेऊन पाहायचा, कारण पोलादावर जे दिसतं आणि कागदावर जे उतरतं त्यात फरक पडतो.

आता खरी गोम. शाई एकच आहे. फिकी करण्याची सोय नाही. म्हणजे अंधार-उजेड सगळा रेषेतूनच आणायचा. रेषा खोल आणि रुंद केली की जास्त शाई धरते, गडद दिसते. दोन रेषांतलं अंतर वाढवलं की उजेड येतो. गालाची गोलाई दाखवायची तर रेषा मध्ये फुगते आणि कडेला निमुळती होत ठिपक्यांत संपते. चित्रकाराने ब्रशच्या एका फटकाऱ्यात सावली दिलेली असते. कोरणाऱ्याला ठरवायचं असतं की ही सावली किती रेषांची, कुठल्या दिशेने, एकमेकींना छेदणाऱ्या की समांतर. हे मूळ चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी केतकीताईंच्या बाजूने.

चूक झाली तर? त्या जागेचा धातू तासून, मागून ठोकून वर आणायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा कोरायचं. एका तिकिटाला आठवडे लागतात, कधी महिने.

काम पुरं झालं की पोलाद तापवून कडक करतात. मग मऊ पोलादाचा रूळ त्यावर प्रचंड दाबाने फिरवून चित्र रुळावर उमटवतात, रूळ कडक करतात, आणि त्याने मोठ्या पत्र्यावर तेच चित्र ओळीने अनेकदा उठवतात. छापताना शाई सगळ्या पत्र्यावर लावून वरची पुसून टाकायची. ती फक्त खाचांत राहते. दमट कागद दाबाखाली खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून छपाई उंचवट्याची लागते.

सई_डोंबिवली
इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

मिलिंद_ठाणे
आमच्याकडे रुखवताच्या भांड्यांवर नाव घालणारे एक काका होते, घागरीवर मोराची चोचसुद्धा काढून द्यायचे. ते आत्ता असते तर त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला असता. म्हणाले असते, 'उलटं कोरायचं? मग मजुरी दुप्पट!'

छापखान्यातला
@मिलिंद: हाहा, आणि ती योग्यच मागणी ठरली असती!

अण्णा_गिरगाव
आता माझा लांबलचक प्रतिसाद. कोरीव तिकीट ओळखायचं कसं, या प्रश्नाला हंगेरीनेच सुरुवातीला उत्तर देऊन ठेवलंय.

१८५० पासून हंगेरीत ऑस्ट्रियाची तिकिटं चालत. ऑस्ट्रियाशी झालेल्या १८६७ च्या तडजोडीनंतर हंगेरीला स्वतःचं सरकार आणि स्वतःचं टपालखातं मिळालं. तरी स्वतःचं तिकीट यायला १८७१ साल उजाडलं. सम्राट फ्रान्झ जोसेफचा चेहरा, २ पासून २५ क्रॉयत्सारपर्यंत (तेव्हाचं नाणं) सहा किमती. बेत असा होता की बुदाच्या सरकारी छापखान्यात कोरीव पत्र्यावरून छपाई करायची. पण ती यंत्रणा वेळेत उभी राहिली नाही. तिकिटं तर हवीत! मग तेच चित्र दगडावर उतरवून शिळाछापाने काढलं. त्याच वर्षी कोरीव छपाईही सुरू झाली. त्यामुळे एकच चित्र, एकच वर्ष आणि दोन तंत्रं, असा नमुना जगाला मिळाला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कोरीव तिकिटात केसांची बट वेगळी दिसते, गालावरच्या रेषा कडक आणि सलग, शाई कागदाच्या वर उठलेली. शिळाछापात तोच राजा पसरट दिसतो. बारीक रेषा मध्येच तुटतात, जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात, रंग सपाट बसतो. आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना तो सपाटपणा लगेच ओळखू येईल.

गंमत म्हणजे बाजारात भाव शिळाछापालाच, कारण ती थोडाच काळ छापली गेली. देखणी मात्र कोरीवच. एवढ्या एका बाबतीत मी बाजाराचं ऐकत नाही.

रानजाई
अण्णा, हे मस्तच. पण बघा, हंगेरीतही कोरीव काम काही सगळीकडे पुरलं नाही. १९०० च्या मालिकेतला तुरुल, म्हणजे हंगेरीच्या दंतकथांतला पक्षी, राजमुकुटाच्या वर पंख पसरलेला, तो उठावाच्या ठशावरून (शाई खाचेत नाही, उंच भागावर) छापलेला आहे. १९१६ ची कापणी करणारे शेतकरी आणि संसद भवन ही तिकिटंही तशीच. आणि आजही हंगेरी म्हटलं की संग्राहकांना तुरुल आठवतो. लोकांच्या मनात ठसायला पोलाद लागतंच असं नाही.

केतकी_वाई
@रानजाई: तुरुल मलाही आवडतो. पण तो चिन्ह म्हणून आवडतो. चेहऱ्याचं तसं नाही. चेहरा कोरीवच हवा, या मतावर मी ठाम.

भौतिक
अवांतर: १९१८-१९ नंतरच्या हंगेरियन तिकिटांवरचे ओव्हरप्रिंट कुणी गोळा करतं का? राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, मग १९१९ मध्ये काही महिने सोव्हिएत प्रजासत्ताक, मध्येच रोमानियन, सर्बियन, फ्रेंच फौजा. ज्याची सत्ता त्याने हाताला लागेल त्या जुन्या तिकिटावर आपलं नाव छापलं. तुरुल आणि कापणीवाल्यांवर एवढे शिक्के बसलेत की तो भूगोलाचा स्वतंत्र पेपर होईल.

अण्णा_गिरगाव
करतो, पण जपून. त्यात नकली माल अतोनात आहे. मूळ तिकीट स्वस्त, वर दोन शब्द छापले की महाग. ठगांना आणखी काय हवं! १९१९ च्या सोव्हिएत सरकारने मात्र स्वतःची पाच तिकिटंही काढली होती: मार्क्स, पेटोफी, मार्टिनोविच, डोझा आणि एंगल्स.

डॅन्यूबकाठ
बुडापेस्टहून नमस्कार! मराठी संकेतस्थळावर हंगेरीचा धागा पाहून राहवलं नाही.

केतकीताई, तुम्ही विचारताय तो 'कोरणारा' मी इथे शोधलाय. होर्वाथ एन्द्रे. इथे आपल्या जुन्या दप्तरांसारखं आडनाव आधी लिहितात. जन्म १८९६, मृत्यू १९५४. नोटा छापणाऱ्या सरकारी कारखान्यातला चित्रकार-कोरक. तिकिटांची कामंही केली, पण हंगेरीच्या घराघरात तो पोहोचला नोटांतून. १९४६ मध्ये नवं चलन आलं, फोरिंट. पुढच्या वर्षी आलेली शंभर फोरिंटची लाल नोट त्याची. समोर १८४८ च्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता कोशुथ लायोश, मागे लोट्स कारोय या चित्रकाराचं चित्र: वादळातून पळणारी घोडागाडी. ती नोट पन्नासेक वर्षं लोकांच्या खिशात होती. राज्यचिन्ह बदलत गेलं, कोशुथचा चेहरा तोच राहिला.

माझ्या घरमालकीणबाईंनी एक जपून ठेवलीय. मी ती भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. कोशुथच्या दाढीपाशी लक्ष द्या. कल्ल्यापासून निघालेली रेषा गालाच्या सावलीची असते, आणि पुढे तीच दाढीचा केस होते. कातडी कुठे संपली आणि केस कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही, खऱ्या चेहऱ्यावर येत नाही तसंच. कॉलर मात्र जवळपास कोरी सोडलीय, म्हणून चेहरा पुढे येतो. मागच्या बाजूला वादळ आहे. तेलरंगातलं वादळ म्हणजे रंगांचा कालवाकालव. इथे सगळं आभाळ रेघांचं.

होर्वाथचं नातं बालाशाजर्मात या गावाशी. बुडापेस्टच्या उत्तरेला, स्लोव्हाकियाच्या हद्दीला लागून. तिथे त्याच्या नावाचं कलादालन आहे. म्हणजे अगदीच विस्मृतीत गेला नाही.

केतकी_वाई
डॅन्यूबकाठ, तुम्हाला मनापासून धन्यवाद. मामाच्या वहीच्या शेवटच्या खिशात काही कागदी चलन आहे, अजून उघडून पाहिलेलं नाही. आता पाहते.

नाशिकचा_बंड्या
नोटांचा विषय निघाला आणि नाशिककर गप्प बसेल होय! आमच्या घरात दोन पिढ्या प्रेसमध्ये. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची आणि शेजारची करन्सी नोट प्रेस १९२८ ची. आपल्याकडे टपाल तिकिटांना कोरीव छपाईचं भाग्य फारसं लाभलं नाही. राणीच्या काळातली बहुतेक तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीने उठावाच्या ठशांवरून छापली. नाशिकला आल्यावरही तेच आणि लिथो, म्हणजे शिळाछापाच्या जातीची छपाई. १९५२ मध्ये संतकवींची मालिका आली, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर, तिथून फोटोग्राव्हूर सुरू. कोरीव हवं तर संस्थानांकडे वळा: कोचीनच्या राजांची पर्किन्स बेकनने छापलेली तिकिटं पाहा.

नोटांत मात्र कोरीव छपाई आहेच. ज्यांना धातूच्या खाचेतून आलेली शाई कशी लागते ते हाताला कळून घ्यायचंय त्यांनी कोरी करकरीत पाचशेची नोट घ्यावी आणि गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट हळू फिरवावं. खरखरतं ते हेच.

मिलिंद_ठाणे
महिनाअखेर आहे, पाचशेची नोट कुणी उसनी द्या. अभ्यासासाठी हो!

गौरांगी
डॅन्यूबकाठ, फोरिंटच्या आधीच्या महागाईबद्दलही लिहा ना. आम्हाला अर्थशास्त्रात हंगेरी होतं.

डॅन्यूबकाठ
लिहितो, कारण ते या धाग्याला धरूनच आहे. १९४५-४६ मध्ये पेंग्यो हे चलन असं कोसळलं की जगात त्याला तोड नाही. जुलै १९४६ मध्ये भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत. चलनात आलेली सर्वांत मोठी नोट दहा कोटी बी-पेंग्योची, म्हणजे एकावर वीस शून्यं. १ ऑगस्ट १९४६ ला फोरिंट आला तेव्हा एका फोरिंटची किंमत ठरली चारावर एकोणतीस शून्यं इतके पेंग्यो.

आता छापखान्यातल्यांचा प्रतिसाद आठवा. एक ठसा कोरायला आठवडे. इथे तर नोट वाळेपर्यंत तिची किंमत उतरते! म्हणून नोटांवर जुनीच चित्रं ठेवली, रंग बदलले, आणि पेंग्योच्या आधी 'मिल' लावून दहा लाखपट आणि मग 'बी' लावून लाख कोटीपट करून टाकलं. तिकिटांचंही तेच. साधं चित्र आणि भलेमोठे आकडे. अशा दिवसांत कोरणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याला हवा असतो वेळ, आणि उद्या आजच्यासारखाच असेल असा भरवसा. १९४७ च्या नोटांवर चेहरे इतक्या निगुतीने कोरलेत, याचा मी असा अर्थ लावतो की त्या लोकांना सांगायचं होतं, आता हा पैसा टिकणार आहे.

छापखान्यातला
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. शिवाय यात व्यवहारही आहे. कोरीव चेहऱ्याची नक्कल करणं फार अवघड. आपण ओळखीचा चेहरा बघायला सरावलेलो असतो. डोळ्याजवळची एक रेषा इकडची तिकडे झाली तरी 'काहीतरी बिघडलंय' हे साध्या माणसालाही जाणवतं. म्हणून नोटेवर चेहरा, आणि म्हणूनच १८४० च्या पेनी ब्लॅकवर, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटावर, राणी व्हिक्टोरियाचा चेहरा. तो चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी कोरला होता.

फुटबॉलवाला_कोल्हापूर
हंगेरी म्हटल्यावर पुश्काश आलाच पाहिजे. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ६-३ ने धुतलं. हिदेगकुटीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक. पहिला गोल पहिल्याच मिनिटात! त्याच वर्षी बुडापेस्टला नेपस्टेडियम उघडलं होतं आणि त्याची तिकिटं निघाली होती. टपालखात्याने काय केलं, त्यातल्या एका तिकिटावर 'लंडन-वेम्बली, तारीख, ६:३' असं छापून डिसेंबरात विक्रीला काढलं. आमच्या पेठेत ते तिकीट कुणाकडे असेल तर त्याची मिरवणूक निघेल.

भौतिक
म्हणजे पुन्हा ओव्हरप्रिंट! दुःख असो की आनंद, घाई झाली की तेच.

अण्णा_गिरगाव
आणि १९८२ मध्ये रुबिकच्या ठोकळ्याची पहिली जागतिक स्पर्धा बुडापेस्टला झाली तेव्हा त्याचंही तिकीट आलं. माझ्या मुलाने सगळ्या संग्रहात फक्त त्याच एकात रस दाखवला.

संशयात्मा
मंडळी, एक कटू बोलतो. ६०-७०-८० च्या दशकांतली हंगेरियन तिकिटं हे परकीय चलन मिळवायचं साधन होतं. शिक्का मारून, मागच्या डिंकासकट, पाकिटंच्या पाकिटं परदेशी व्यापाऱ्यांना विकली. पत्रावर चिकटून गेलेली त्यांतली किती? शिवाय बहुतेक मालिकांच्या बिनछिद्री प्रती मोजक्या संख्येने काढून संग्राहकांना वेगळ्या विकायच्या. यात कसली कला आणि कसला कलावंत?

रानजाई
@संशयात्मा: विकण्यासाठी काढलं म्हणून चित्र वाईट ठरत नाही. देवळाच्या शिल्पकारालाही मजुरी मिळत होती. वेर्टेल, लेग्राडी, कोनेच्नी, कॉश हे कसलेले ग्राफिक कलावंत होते. कोनेच्नी तर पोस्टरांसाठी नावाजलेला. टपालखात्याचा हेतू काही असो, त्यांनी कागदाच्या त्या चिमुकल्या तुकड्यावर काम मन लावून केलं. आणि आमच्यासारख्यांच्या हातात ते चार आण्यात पडलं. मला त्या व्यापाराबद्दल कृतज्ञताच आहे.

केतकी_वाई
रानजाई, या प्रतिसादासाठी सलाम. रंगीत गठ्ठ्याबद्दल मी जरा कठोर लिहिलं असलं तरी हा मुद्दा मान्य. पण माझा मूळ प्रश्न उभाच आहे: चित्रकाराचं नाव छापतात, कोरणाऱ्याचं का नाही?

छापखान्यातला
काही देश छापतात. फ्रान्सची तिकिटं पाहा. ज्या देशांत फोटोग्राव्हूर आणि ऑफसेटचं राज्य आलं तिथे तिकिटावर कोरणारा उरलाच नाही, मग नाव कुणाचं छापणार? नोटांच्या बऱ्याच कारखान्यांत तर कोरणाऱ्याचं नाव मिरवायची रीत नसते, ते सुरक्षेचं काम.

तिकीटघर
सगळं ठीक, पण स्लानियाचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? चेस्वाव स्लानिया, जगातला सर्वांत मोठा तिकीट-कोरक. हजारावर तिकिटं कोरली. २००० साली स्वीडनने काढलेलं त्याचं हजारावं तिकीट म्हणजे एका जुन्या भव्य छतचित्राचं कोरीव रूप, आकारानेही केवढं मोठं!

डॅन्यूबकाठ
स्लानिया पोलंडचा, १९५६ मध्ये स्वीडनला गेला. हंगेरीचा नाही, पण इथे शोभतो. त्याचं नाव झालं याचं कारण स्वीडनने कोरीव तिकीट सोडलं नाही आणि त्याला भरपूर काम दिलं. होर्वाथला तशी वर्षंही मिळाली नाहीत, साठीच्या आत गेला.

सई_डोंबिवली
एक व्यावहारिक शंका. पावसाळ्यात माझी तिकिटं एकमेकांना चिकटतात. उपाय?

अण्णा_गिरगाव
वह्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. वरच्या वजनाने डिंक पकडतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. कोरडं ऊन पडलं की वह्या उघडून पंख्याखाली धरा, उन्हात नको. आणि चिकटलेलं तिकीट ओढून काढू नका, हात जोडून सांगतो.

नाशिकचा_बंड्या
अण्णांना +१. आणि कोरीव तिकिटं पुस्तकात दाबून 'सरळ' करू नका. तो उठाव म्हणजेच त्यांचा जीव.

केतकी_वाई
धागा वर काढतेय. बराच वेळ देऊन मामाची वही पालथी घातली.

छापखान्यातल्यांना व्यक्तिगत निरोपातून विचारून तपासणी केली ती सगळ्यांसाठी लिहिते. दिवा समोरून न धरता टेबलाच्या पातळीवर, आडवा धरायचा. कोरीव असेल तर प्रत्येक रेषेला बारीक सावली पडते. दुसरं, तिकिटावर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल ठेवून बोटाने अलगद दाबायची. कोरीव असेल तर रेषा फॉइलवर उमटतात. हे वापरलेल्या, साध्या तिकिटावरच करा, कोऱ्यावर नको. फोटोग्राव्हूर असेल तर भिंगाखाली सगळीकडे बारीक जाळी दिसते आणि अक्षरांची कड दातेरी लागते. उठावाच्या ठशाचं असेल तर शाई रेषेच्या कडेला साचलेली दिसते आणि कधीकधी मागच्या बाजूने दाब जाणवतो.

यातून जी कोरीव निघाली ती वेगळ्या पानावर लावली. रंगीत गठ्ठ्याच्या मानाने मूठभर. त्यांतली दोन मी आजवर लिथो समजत होते अशा जुनाट, मळकट हिरव्या रंगाची आहेत, आडव्या दिव्याखाली एकदम उठून आली.

आणि हो, शेवटच्या खिशात शंभर फोरिंटची लाल नोट निघाली. डॅन्यूबकाठ, दाढी पाहिली. तुम्ही लिहिलंय तसंच आहे. फक्त मी आणखी एक पाहिलं. डोळ्याखालच्या सुरकुतीची रेषा इतर सगळ्या रेषांच्या उलट दिशेने ओढलीय. म्हणून नजर थकलेली वाटते.

डॅन्यूबकाठ
आत्ता पुन्हा पाहिली, खरंच की! केतकीताई, कधी इथे आलात तर टपाल तिकीट संग्रहालयात नेतो. १९३० सालापासूनचं आहे. तिकिटं ओढून बाहेर काढायच्या चौकटींत लावलेली असतात, एकेक चौकट ओढायची आणि पाहत बसायचं. दोन रंगांत छापलेल्या मॅडोनाचं (येशूची आई मेरी), चित्र उलटं छापलं गेलेलं ते प्रसिद्ध चुकीचं तिकीट त्यांच्या अभिमानाचा विषय आहे.

अण्णा_गिरगाव
ताई, त्या दोन हिरव्या तिकिटांचे स्पष्ट फोटो टाका, पुढून आणि मागून. जलचिन्ह दिसलं तर साल काढून देतो.

संशयात्मा
फोटो टाकाच. मीही भिंग घेऊन बसतो.